स्वस्तातला युरोप कुणाच्या पैशाने?



"चौदा दिवसांत नऊ शहरं केली, आणि एकदाही हॉटेलात जेवलो नाही!" हे वाक्य आपल्या मंडळींच्या पॉटलकमध्ये हल्ली फार अभिमानाने ऐकू येतं. रात्रीच्या बसने जाऊन मुक्कामाचे पैसे कसे वाचवले, तीन महिने आधी तिकीट कसं पटकावलं, बार्सिलोनाच्या फ्लॅटमध्ये मुगाची खिचडी कशी शिजवली, या कथा रंगतात. काटकसरीला माझा विरोध नाही. सामानात भाजणीचा डबा नेणाऱ्यांना हसणाऱ्यांतलाही मी नाही. माझं भांडण आहे ते या कथांच्या तात्पर्याशी: आम्ही हुशार म्हणून स्वस्तात फिरलो, ज्यांना जमत नाही ते एक तर उधळे, नाही तर आळशी.

हे खोटं आहे. आधी पासपोर्टचं बघू. कॅनडाचा पासपोर्ट असला की शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. आमच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या एका मुलीकडे भारताचा पासपोर्ट आहे. (रंग दोन्हींचा गडद निळाच, पण निळ्यानिळ्यात फरक असतो.) तिला परिषदेसाठी लिस्बनला जायचं होतं आणि तिथून दोन दिवस पॅरिसला, मावसबहिणीकडे. त्यासाठी ९० युरो शुल्क, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे कागद, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा, आणि बोटांचे ठसे द्यायला हॅलिफॅक्सहून मॉन्ट्रियलची फेरी. अर्ज नाकारला गेला तर शुल्क परत मिळत नाही. स्वस्त तिकीट हवं तर ते लवकर काढा, म्हणजे व्हिसा हातात नसताना जुगार खेळा. व्हिसाची वाट पाहा, तर तिकीट महाग. शेवटी तिने पॅरिस रद्द केलं. तिच्याएवढी काटकसरी मुलगी मी पाहिलेली नाही. महिनाभराचा हिशेब ती पै-पैचा ठेवते. नऊ शहरं करणाऱ्यांनी तिला काय शिकवायचं?

आणि गंमत पाहा, नकाशावर हॅलिफॅक्सहून लंडन जवळपास व्हँकुव्हरइतकंच लांब आहे. कॅनडातल्या आपल्या लोकांमध्ये युरोपच्या इतके जवळ आपण राहतो. ही जवळीक पासपोर्टाप्रमाणे कमीजास्त होते.

काटकसरीचा युरोप आपल्या इतिहासात नवा नाही. १९२० मध्ये बाबासाहेब आंबेडकर शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले, अर्धपोटी राहून अभ्यास केला, आणि तिथून बॉनच्या विद्यापीठात नाव घालायला जर्मनीत गेले. त्या काटकसरीमागे शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज होतं. एकट्याच्या हिकमतीवर तेव्हाही युरोप होत नव्हता.

आता सरकारी पैशाकडे येऊ, कारण आपल्या मंडळींना नेमका याचाच विसर पडतो. जर्मनीत महिन्याच्या एका तिकिटावर देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांतून हिंडता येतं. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ मध्ये ६३ युरोंवर गेलं. ते एवढं स्वस्त राहतं कारण केंद्र आणि राज्यं मिळून दरवर्षी तीन अब्ज युरो त्यात घालतात. माद्रिद-बार्सिलोना मार्गावर २०२१ नंतर नव्या कंपन्या आल्या आणि भाडी उतरली, पण त्या ज्या रुळांवर धावतात ते रूळ सार्वजनिक पैशातून घातलेले आहेत. पॅरिसहून व्हिएन्ना आणि बर्लिनला जाणाऱ्या ऑस्ट्रियन रेल्वेच्या रात्रीच्या गाड्या डिसेंबर २०२५ मध्ये बंद झाल्या, कारण फ्रेंच सरकारने अनुदान काढून घेतलं. बाजाराच्या जादूवर श्रद्धा असलेल्यांनी यावर जरा विचार करावा. स्वस्त विमानांचंही तेच. २००३ च्या युरोपीय निर्देशाने व्यापारी विमानांच्या इंधनाला करातून सूट दिली. रस्त्यावर मोटार चालवणारा मात्र पेट्रोलवर कर भरतो.

उरलेला भार कुणावर पडतो? आयर्लंडच्या करारावर बेल्जियममध्ये राबणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांना जिथे काम करतो तिथल्या न्यायालयात दाद मागता यावी, एवढ्यासाठी २०१७ पर्यंत युरोपीय न्यायालयात लढावं लागलं. आणि ज्या बार्सिलोनात आपली खिचडी शिजली, तिथे भाडेकरूंना घरं मिळेनात म्हणून पालिकेने जून २०२४ मध्ये दहा हजारांहून जास्त पर्यटक-फ्लॅटचे परवाने २०२८ पर्यंत संपवण्याचं जाहीर केलं.

मग ही मंडळी परत येतात. जर्मन गाड्यांचं, तिथल्या 'शिस्तीचं' कौतुक दोन महिने पुरतं. आणि इथे निवडणूक आली की कर कमी करणाऱ्याला मत! हॅलिफॅक्सहून मॉन्ट्रियलला 'ओशन' ही गाडी १९०४ पासून धावते. १,३४६ किलोमीटर, साधारण बावीस तास. १९९० मध्ये ओटावाने व्हिया रेलवर कुऱ्हाड चालवली तेव्हा सिडनी आणि यार्मथच्या गाड्या गेल्या. 'ओशन' आठवड्यातून सहा दिवस होती, ती २०१२ च्या कपातीत तीन दिवसांवर आली. "कॅनडा केवढा मोठा, लोक केवढे थोडे, इथे रेल्वे परवडणार कशी?" असं मला एका उच्चशिक्षित सद्गृहस्थांनी ऐकवलं. पण कॅनडा २०१२ मध्ये अचानक मोठा झाला नाही. अंदाजपत्रक लहान झालं. टोरांटो ते क्वेबेक सिटी अतिवेगवान रेल्वेची घोषणा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली, तिच्या नकाशावरही आपण नाही.

हीच मंडळी सुट्टीत पुण्याला गेली की आणखी रंग भरतो. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस सोडणाऱ्या एसटीने महाराष्ट्राची कितीतरी पोरं, विशेषतः मुली, तालुक्याच्या कॉलेजात पोचवली. आज आपल्यातले कितीतरी जण त्या लाल डब्यात बसूनच शिकले. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. त्याला आपल्याकडे 'रेवडी' म्हणतात. ६३ युरोंचं जर्मन तिकीट मात्र 'प्रगत समाजाचं लक्षण'! शेतमजूर बाईने निम्म्या तिकिटावर लेकीकडे जाणं ही उधळपट्टी, आणि आपण सरकारी अनुदानावर म्युनिक ते साल्झबुर्ग भटकणं ही हुशारी. एकाच गोष्टीची ही दोन नावं कशी पडली, ते मला कुणी समजावून सांगावं.

'ओशन' निदान २०१२ पूर्वीसारखी आठवड्यातून सहा दिवस धावावी, अशा मागणीचं पत्र मी लिहून ठेवलं आहे. आपापल्या खासदाराला पाठवायला ज्यांना हवं असेल त्यांनी कळवावं. आणि पुढच्या पॉटलकला कुणी प्रवासाचा हिशेब मांडलाच, तर त्यात जर्मन करदात्याचा रकाना घातला आहे का, तेवढं विचारा.