'जनता' म्हणजे कोणती जनता?

१४ जुलै २०११ रोजी तेल अवीवमधील रॉथ्सचाइल्ड बुलेवार्ड या राजरस्त्यावर, बँका आणि व्यापारी कचेऱ्यांच्या छायेत, घरभाडे परवडेनासे झालेल्या तरुणांनी तंबू ठोकले. दोन महिन्यांच्या आत या मूठभर तंबूंतून इस्रायलच्या इतिहासातील एक अपूर्व जनआंदोलन उभे राहिले. ३ सप्टेंबरला देशभर चार लाखांहून अधिक लोक रस्त्यावर उतरले. सुमारे पाऊण कोटी लोकवस्तीच्या देशात ही संख्या सामान्य नव्हे. 'जनतेला सामाजिक न्याय हवा' ही त्यांची घोषणा होती. या आंदोलनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोहोंचा उगम त्या एका घोषणेत आहे, म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याचा विचार केला पाहिजे.

हा असंतोष आभाळातून पडला नाही. एके काळी इस्रायलच्या अर्थव्यवस्थेचा मोठा भाग १९२० साली स्थापन झालेल्या हिस्ताद्रुत या कामगार महासंघाच्या हाती होता. सोलेल बोने ही बांधकाम संस्थाही त्याचीच. १९७७ साली उजव्या लिकुड पक्षाच्या हाती सत्ता गेली हे खरे; परंतु १९८५ च्या आर्थिक स्थिरीकरण योजनेच्या वेळी पंतप्रधानपदी मजूर पक्षाचे शिमॉन पेरेस होते. सार्वजनिक क्षेत्राच्या माघारीला खरा वेग तेथून आला. १९९८ च्या कायद्याने भाडेकरूंना सार्वजनिक घरे विकत घेण्याची मुभा मिळाली, पण गेलेल्या घरांच्या जागी पुरेशी नवी घरे उभी राहिली नाहीत. समाजवादाचे नाव घेणाऱ्यांनीच बाजाराला दार उघडून दिले, तर श्रमिकांनी विश्वास कोणावर ठेवावा?

तरीही त्या जुन्या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. हैफा शहरातील वादी सालिब या वस्तीत मोरोक्कोतून आलेल्या ज्यूंना कोंबण्यात आले होते. १९५९ च्या जुलैत तेथे दंगल उसळली, तेव्हा सत्तेवर मजूर चळवळीचेच नेते होते. १९७१ मध्ये जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतील अशाच उपेक्षित तरुणांनी 'ब्लॅक पँथर्स' ही संघटना उभी केली. पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी हे तरुण काही भले नव्हेत, असा शेरा मारून त्यांची बोळवण केली. कोकणातून आणि मुंबईतून गेलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचा अनुभवही निराळा नव्हता. विवाहाच्या वेळी त्यांच्या कुळाची चौकशी करण्याचे फर्मान धर्मपीठाने काढले. त्याविरुद्ध १९६४ साली जेरुसलेममध्ये त्यांना धरणे धरावे लागले, तेव्हा कुठे संसदेने त्यांची पूर्ण समानता मान्य केली.

वादी सालिबची कहाणी येथे संपत नाही. मोरोक्कोच्या ज्यूंना जी पडकी घरे मिळाली, ती १९४८ च्या युद्धात परागंदा झालेल्या अरबांची होती. एका वंचिताला दुसऱ्या वंचिताच्या घरात बसवून दोघांनाही परस्परांचे वैरी करायचे, ही राज्यकर्त्यांची जुनीच नीती. ३० मार्च १९७६ रोजी गॅलिलीतील जमिनींच्या सरकारी संपादनाविरुद्ध अरब नागरिकांनी संप पुकारला, तेव्हा सहा जणांना प्राण गमवावे लागले. १९६७ पासून व्यापलेल्या पश्चिम किनाऱ्यावर तर सरकार स्वस्त कर्जे आणि सवलती देऊन ज्यू वसाहती उभारत आले. तेल अवीवमधील तरुणाला घर देण्यास ज्या तिजोरीत पैसा नव्हता, तिच्यातूनच व्याप्त भूमीवरील घरांना पैसा मिळत होता!

२०११ च्या आंदोलनात काही अरब गावांतही तंबू लागले होते. तरीही, ऐक्य भंगू नये म्हणून, व्याप्त प्रदेशाचा प्रश्न चळवळीच्या प्रमुख नेत्यांनी व्यासपीठापासून दूर ठेवला. हेतू समजण्यासारखा असला तरी परिणाम घातक झाला. सरकारने अर्थतज्ज्ञ मानुएल त्राखटेनबर्ग यांची समिती नेमली. तिसऱ्या वर्षापासून मोफत शिक्षण, कंपन्यांवरील करांतील नियोजित कपातीला स्थगिती अशा काही सवलती पदरात पडल्या. संरक्षणखर्चाला कात्री लावण्याची शिफारस मात्र कागदावरच राहिली. ऑक्टोबरच्या आरंभी तंबू उठले. आंदोलनातील काही तरुण २०१३ मध्ये संसदेत पोहोचले, पण घरांच्या किमती पुढेही अनेक वर्षे चढतच राहिल्या. २०२३ मध्ये न्यायसंस्थेच्या रक्षणार्थ लाखो इस्रायली नागरिक पुन्हा रस्त्यावर आले, तेव्हाही पॅलेस्टिनी जनतेचा प्रश्न त्या लाटेच्या काठावरच राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेटलेल्या युद्धाने गाझातील लाखो माणसांच्या डोक्यावरील छप्परच हिरावून घेतले.

यातून तंबू ठोकणाऱ्या तरुणांचा उपहास करण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. घर हा व्यापाराचा माल नसून माणसाचा हक्क आहे, हे त्यांनी लाखोंच्या मुखी आणले. ही कामगिरी लहान नाही. परंतु घराचा प्रश्न अखेर जमिनीचा प्रश्न असतो आणि जमिनीचा प्रश्न सत्तेचा. ती जमीन कोणाकडून घेतली, कोणाला दिली, हे विचारण्याचे टाळून मागितलेला न्याय सवलतींच्या पुढे जात नाही. ऐक्यासाठी सर्वांत दुर्बळाला बाजूला ठेवणारी चळवळ राज्यकर्त्यांच्या हाती फुटीचे हत्यार आपणहून देते. 'जनता' हा शब्द उच्चारताना त्यात कोण येते आणि कोण वगळले जाते, हा प्रश्न ज्या दिवशी तेल अवीवच्या रस्त्यावर निर्भयपणे विचारला जाईल, त्या दिवशी तेथील सामाजिक न्यायाच्या लढ्याला खरा प्रारंभ होईल.