सावलीचा नकाशा आणि बांधाची जागा

हल्ली पाणलोटाच्या बैठकीत क्यूजीआयएसवर काढलेला हिलशेड, म्हणजे सावलीचा नकाशा हमखास येतो. डोंगर, घळी, नाले कागदावर उठून दिसतात, लोक खूश होतात आणि लगेच बोट ठेवून ‘इथं बांध घाला’ सुरू होतं. माझा विरोध त्या बोटाला आहे.

हा नकाशा बनतो कसा बघा. सॉफ्टवेअरला प्रत्येक चौकोनाची उंची दिलेली असते. शेजारच्या चौकोनांवरून ते उतार आणि उताराचं तोंड काढतं. मग वायव्येकडून ४५ अंशांवरून उजेड पडला तर तो चौकोन किती उजळेल, ते मोजतं. म्हणजे काळं दिसतं ते खोल नसतं, उजेडाकडं पाठ केलेलं असतं. माथ्यावरचं सपाट पठार आणि खालची सपाट काळी, दोन्ही एकाच राखाडी रंगात. (हे बैठकीत सांगून बघा, निम्मे लोक मानत नाहीत.)

वायव्येकडून आग्नेयेकडं सरळ जाणारी ओघळ तर या उजेडात पुसटच होते, कारण तिच्या दोन्ही काठांवर उजेड सारखाच पडतो. आमच्या शिवारात वरच्या रानाचं पाणी अशाच ओघळीनं उतरतं. नकाशात दिसत नाही म्हणून ती नाहीच असं धरलं, तर जुलैत ते पाणी कुणाच्या सोयाबीनमधून जाणार? उजेडाची दिशा ३१५ ची ४५ करून नकाशा पुन्हा काढला की ती दिसायला लागते. दोन मिनिटांचं काम.

आणि फुकट मिळणारे उंचीचे आकडे बहुतेक एसआरटीएमचे, फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारनं घेतलेले. चौकोन सुमारे ३० मीटरचा, म्हणजे जवळपास ९ गुंठे; एकरात साडेचार. उंची पूर्ण मीटरमध्ये. शंभराला एक उताराच्या रानात ३० मीटरला ३० सेंटीमीटरच पडतात, ते यात कुठून दिसणार? नंतरचं सपाटीकरण, शेततळं तर नाहीच. झेड फॅक्टर वाढवून माळाचा सह्याद्री करता येतो, माहिती तेवढीच राहते.

माथा कुठला, कुणाचं पाणी कुठल्या नाल्याला मिळतं, एवढं बघायला हा नकाशा झकास. त्यासाठी जरूर काढा. आकडे अंशांत असतात, ते आधी यूटीएममध्ये आणा. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला ४४. समतल चराची रेघ मात्र हायड्रोमार्कर नाहीतर लेव्हलच्या दुर्बिणीनंच आखा, वरच्या आणि खालच्या दोन्ही शेतकऱ्यांना रानात बोलावून.