मिरवणुकीपुरता मान

प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात भालाईत स्वारांचे पथक दृष्टीस पडले की दूरदर्शनपुढे बसलेली लहानथोर मंडळी क्षणभर बोलायचे विसरतात. एकसष्टाव्या घोडदळाचे हे पथक. संस्थानांची घोडदळे एकत्र करून १९५३ मध्ये ते उभारण्यात आले. जयपूर हे त्याचे ठाणे. म्हैसूरच्या स्वारांप्रमाणेच शिंद्यांच्या ग्वाल्हेरचे स्वारही त्यात सामील झाले. त्याच ग्वाल्हेरच्या परिसरात जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई स्वाराच्या वेशात लढता लढता धारातीर्थी पडली. तिचे अश्वारूढ पुतळे आम्ही चौकाचौकांत उभारले. पण २०२३ मध्ये तोफखान्याचे दार स्त्री अधिकाऱ्यांना उघडले गेले, तेव्हाही ज्या चिलखती दलात हे घोडदळ गणले जाते त्याचे दार बंदच राहिले.

घोड्यावर मांड ठोकून पलटण हाकणे हे बायकांचे काम नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी लंडनकडे पाहावे. तेथील 'किंग्ज ट्रूप' ही नावाने तोफखान्याची तुकडी, पण तिचा सारा संसार घोड्यांचा. सहाव्या जॉर्ज राजाने १९४७ मध्ये तिला हे नाव बहाल केले. राजघराण्यातील मंगलप्रसंगी तोफांची सलामी देणे आणि शाही इतमामाच्या अंत्ययात्रेत तोफगाडा पुरविणे, ही तिची मानाची कामे. १४ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांची शवपेटिका बकिंगहॅम राजवाड्यातून वेस्टमिन्स्टर सभागृहात नेण्यात आली, ती याच तुकडीच्या गाड्यावरून. या तुकडीचे आधिपत्य गेल्या दशकात मेजर एरिका ब्रिज यांच्याकडे आले. त्या जागी आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

काम शोभेचे आहे म्हणून ते हलके आहे, असे मात्र कोणी समजू नये. तोफा पहिल्या महायुद्धाच्या काळातील. एकेका तोफेला सहा घोडे, डावीकडच्या तीन घोड्यांवर तीन स्वार, आणि मागच्या अवजड गाड्याला ब्रेक नाही. भरधाव वेगात आवरायचे ते केवळ लगामाने आणि मांडीच्या दाबाने. एक घोडा बुजला तर उरलेले पाच त्याच्याबरोबर जातात. तबेल्यातील शेण काढण्यापासून चामडी सरंजाम लखलखीत ठेवण्यापर्यंतची कामे तेथे स्त्रिया आणि पुरुष सारखीच करतात, आणि स्त्रियांची संख्या तेथे थोडीथोडकी नाही. त्यामुळे मेजर ब्रिज तुकडीच्या अग्रभागी दिसल्या तेव्हा त्यांच्यामागे एक सबंध फळी उभी होती. २०१८ मध्ये तर ब्रिटनने सैन्याच्या सर्वच शाखा स्त्रियांना खुल्या केल्या.

आमच्याकडे गाडा उलटा चालतो. अग्रभागीचा मान आधी, आणि फळीतली जागा मागाहून, तीही न्यायालयाच्या हुकुमाने! २५ जानेवारी २०१५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांना राष्ट्रपतिभवनात मानवंदना देण्यात आली, तेव्हा तिन्ही दलांच्या संयुक्त पथकाचे नेतृत्व विंग कमांडर पूजा ठाकूर यांनी केले. वृत्तपत्रांचे रकाने कौतुकाने ओसंडून गेले. आम्हीही त्याला अपवाद नव्हतो. पुढच्याच वर्षी त्याच पूजा ठाकूर कायम नियुक्तीसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे उभ्या होत्या. त्या दाव्याच्या गुणावगुणांत आम्ही शिरत नाही. पण हा योग बोलका आहे. भूदलातील स्त्रियांना कायम नियुक्ती आणि नेतृत्वाची पदे यांचा मार्ग मोकळा झाला तो १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. ग्रामीण भागातून आलेल्या जवानांना स्त्रीचा हुकूम मानवणार नाही, असा युक्तिवाद सरकारपक्षाने तेथे केला होता. ज्या गावांत बाई शेत कसते, होडीवरची मासळी विकून घर चालविते आणि नवऱ्याचा हिशेब चुकता करते, त्या गावांची साक्ष काढायला सरकारला संकोच वाटला नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

लढाऊ दलांत स्त्रियांना घ्यावे की नाही, हा वाद मोठा आहे. तो एका अग्रलेखात मिटणारा नाही. घोडदळाचा प्रश्न त्याहून पुष्कळ सोपा आहे. तेथे कसोटी घोड्यावरच लागते. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत अश्वारोहणात भारताला सुवर्ण मिळाले, तेव्हा याच एकसष्टाव्या घोडदळाचे रघुबीर सिंग विजेत्यांत होते. त्यानंतर अश्वारोहणाचे सुवर्ण मिळायला एक्केचाळीस वर्षे लागली. २०२३ मध्ये हांगचौ येथे ते जिंकून आणणाऱ्या चौघांत दोन मुली होत्या: इंदूरची सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग. यांतली दिव्यकृती खुद्द जयपूरची. उद्या अशा एखाद्या मुलीने एकसष्टाव्या घोडदळात अधिकारी होण्यासाठी अर्ज केला, तर तिला कोणते कारण सांगून परत पाठविणार, हे संरक्षण मंत्रालयाने आताच ठरवून ठेवावे.