मागील पानावरून पुढे

मंडळी, गेल्या अंकात आम्ही बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले, दोघांनी रोपंही मागितली. या वेळचा विषय पोरांच्या कॉम्प्युटर गेमचा आहे. पण "हे आपल्यासाठी नाही" म्हणून लगेच पान उलटू नका. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत आम्हीही तसंच म्हणत होतो.

त्याचं असं झालं. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी, जिदहफ्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये, चहा झाल्यावर आम्ही घरचा कॉम्प्युटर साफ करायला घेतला. फार हळू चालत होता. डिस्क फॉरमॅट केली, सगळं नव्याने बसवलं आणि सौ.ना बोलावून मोठ्या तोऱ्यात दाखवलं. अकरा वाजता चिरंजीव उठले. बारावी झालेली, ऑगस्टमध्ये पुण्याला इंजिनियरिंगला जायचं, तोवर सुट्टीच सुट्टी. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "बाबा, माझा विचर कुठाय?"

विचर गेला होता. खेळ पुन्हा बसवता येतो, पण त्याने जिथवर नेऊन ठेवला होता त्याची नोंद असलेली फाईल, जिला ही मुलं 'सेव्ह' म्हणतात, ती गेली. चाळीस तासांची मेहनत. आम्ही ऑफिसात नव्या मुलांना दर वर्षी बॅकअपच्या महत्त्वावर भाषण देतो. हे वाक्य वाचून सौ. आत्ता पुन्हा एकदा हसल्या.

"पुन्हा खेळ की," आम्ही म्हणालो.

"खेळून संपला होता बाबा. ती फाईल मला पुढच्या भागासाठी हवी होती."

हे आम्हाला नवीन होतं. आमच्या लहानपणी मासिकांत क्रमशः कादंबरी यायची. वर बारीक टाइपात मागील भागाचा सारांश असायचा. तो सगळ्या वाचकांना सारखाच. मधल्या महिन्यात आपण काय विचार केला, कोणाची बाजू घेतली, याच्याशी लेखकाला देणंघेणं नसे. या खेळांचं तसं नाही. त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. गोष्टीतलं एक पात्र आपण व्हायचं आणि त्याच्या वतीने निर्णय घ्यायचे. कोणाला सोडायचं, कोणाला मारायचं, कोणत्या राजाच्या बाजूने उभं राहायचं. मग दुसरा भाग बाजारात आला की तो पहिल्या भागाची फाईल उघडतो, आपण काय काय करून ठेवलं ते बघतो आणि गोष्ट तिथून पुढे नेतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९८१ साली 'विझर्ड्री' नावाचा खेळ ॲपल-२ कॉम्प्युटरवर आला. १९८२ साली त्याचा दुसरा भाग निघाला तेव्हा अट अशी होती की पहिल्या भागात वाढवलेली पात्रंच इकडे आणायची. पहिला भाग नाही, तर दुसरा खेळताच येत नाही. तिसरीत बसायला दुसरीचा दाखला हवा, तसं.

पण सगळंच पुढे आणू दिलं तर पंचाईत होते. पहिल्या भागाच्या शेवटी पात्र इतकं बलवान झालेलं असतं की दुसऱ्या भागात त्याला कोणी शत्रूच उरत नाही. म्हणून लेखक युक्त्या करतात. 'बॉल्डर्स गेट'चा पहिला भाग १९९८ चा, दुसरा २०००चा. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला नायक तळघरात कैदेत असतो आणि त्याची जवळजवळ सगळी मालमत्ता लंपास झालेली असते. पहिल्या भागातल्या ज्या मोजक्या वस्तू टिकतात त्यांत एक सोन्याची विजार आहे! 'मास इफेक्ट २' मध्ये, २०१० साली, तर नायक सुरुवातीलाच मरतो आणि त्याला नव्याने घडवतात. म्हणजे अनुभव बराचसा गेला, पण पहिल्या भागात केलेले निर्णय मात्र सोबत आले.

चिरंजीव हे सांगत होते तेव्हा आम्हाला आमचंच इकडे येणं आठवलं. परदेशात मास्टर्स केलेली आमची पदवी इथे ग्राह्य धरायला इतके शिक्के लागले की शेवटी मूळ कागद कोणता आणि शिक्का कोणता ते कळेना. तिकडची सीनियॉरिटी तिकडेच राहिली. सोन्याची विजार म्हणाल तर आईने दिलेला पोळपाट तेवढा आला, तो अजून आहे.

इंजिनियर माणूस, म्हणून आम्ही विचारलं की हे चालतं कसं. चालतं अगदी साधं. 'अमक्याला सोडलं का?' हो किंवा नाही, म्हणजे एक बिट. आठ निर्णयांचा एक बाइट. असे हजार निर्णय १२५ बाइटांत मावतात. पोस्टकार्डावरच्या ओळी-दोन ओळींइतकी जागा. साठवणं सोपं आहे, निभावणं अवघड. दहा हो-नाही निर्णयांचे १,०२४ प्रकार होतात, वीस निर्णयांचे १०,४८,५७६. इतक्या गोष्टी कोण लिहिणार? म्हणून लेखक वाटा थोड्या वेळ वेगळ्या ठेवतो आणि मग बेटाला वळसा घातलेल्या नदीसारख्या पुन्हा एक करतो. 'मास इफेक्ट'च्या पहिल्या भागात, २००७ साली, एका प्रजातीच्या राणीला मारायचं की सोडायचं असा मोठा प्रसंग आहे. तिला मारलं तरी २०१२ च्या तिसऱ्या भागात तिच्या जागी दुसरी तयार केलेली भेटते. खेळणाऱ्यांना ते आवडलं नाही. "मग आम्हाला विचारलंत कशाला?" असा त्यांचा सूर. आणि तो रास्तच म्हणायचा.

नोंद चुकतेही. त्याच मालिकेत कॉनरॅड व्हर्नर नावाचा नायकाचा एक भाबडा चाहता आहे. पहिल्या भागात त्याच्याशी कितीही प्रेमाने वागलं तरी दुसऱ्या भागात चुकीचा बिट वाचला जाई आणि "तुम्ही माझ्यावर पिस्तूल रोखलं होतं" असं तो म्हणे. तिसऱ्या भागात लेखकांनी त्याच्याच तोंडून कबूल करवलं की ते खरं नव्हतं. हिशेब चुकला तर पुढच्या वर्षी दुरुस्तीची नोंद घालतात, तशातलाच हा प्रकार. आम्हाला तो फार आवडला.

आता फाईलच नसली तर? यंत्रं बदलतात, डिस्का जातात, घरात आमच्यासारखे बाप असतात. 'ड्रॅगन एज'चा तिसरा भाग २०१४ साली नव्या यंत्रांवरही आला. जुन्या यंत्रांवरचे सेव्ह तिकडे नेता येईनात, तेव्हा कंपनीने इंटरनेटवर एक प्रश्नावलीच ठेवली. मागे काय काय केलं ते खुणा करून सांगा, आम्ही ते खरं धरू. २०२४ साली त्याच मालिकेचा चौथा भाग आला, त्यात मागचे जेमतेम तीनच निर्णय विचारतात. बाकी सारं विस्मरणात.

'विचर ३'ने, २०१५ साली, हे काम फार झकास केलं आहे. हा वॉर्सॉच्या कंपनीचा खेळ, आंद्रे सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवर बेतलेला. नायकाला बादशहापुढे उभं करायचं असतं, म्हणून आधी न्हाव्याच्या खुर्चीत बसवून त्याची दाढी करतात. शेजारी एक सेनापती उभा राहून चौकशी करतो. कोणाच्या बाजूने लढलात? अमका जिवंत आहे की मेला? आपण द्याल ती उत्तरं म्हणजेच तुमचा मागचा भाग. पडताळायला कोणी येत नाही.

तर चिरंजीव एका रात्री त्या खुर्चीत बसले होते आणि आम्ही मागे उभे राहून बघत होतो. आमच्याच हातून फाईल गेली होती, तेव्हा बघणं भाग होतं. सेनापतीने शेवटी लेथोबद्दल विचारलं. दुसऱ्या भागात या लेथोने राजांचे खून केलेले असतात. शेवटी तो समोर येतो, त्याला मारायचं की जाऊ द्यायचं ते आपण ठरवायचं. आमच्या पोराने त्याला मारलं होतं. आम्हाला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी जेवायला तासभर उशिरा आला आणि सौ. चिडल्या होत्या. आता मात्र त्याने उत्तर दिलं, जाऊ दिलं.

"अरे, तू तर मारलं होतंस त्याला."

"हो, पण जिवंत असला तर पुढे मोठ्या लढाईत मदतीला येतो. मित्र म्हणाले."

"म्हणून खोटं सांगायचं?"

आमचा आवाज जरा चढलाच. बापाचा आवाज चढायला कारण लागतंच असं नाही. तो वळला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, वाईला तात्यांच्या खुर्चीत तुम्ही पण तसंच सांगितलं होतंत."

आम्ही स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो.

वाईचे तात्या आमचे लहानपणापासूनचे न्हावी. २०१९ साली आमचे वडील गेले. भावाचा फोन आला होता, "अण्णांचं काही खरं नाही, निघून ये." तेव्हा आमच्या प्लांटचं शटडाऊन चालू होतं. आठ दिवसांत संपेल, मग जाऊ, असं आम्ही ठरवलं. कोणी अडवलं नव्हतं. साहेबांकडे रजा मागितलीच नाही, मग ते नाही म्हणतील कसे? इथून मुंबईला विमानाने जेमतेम चार तास लागतात. आम्हाला आठ दिवस लागले. पोचलो तेव्हा सगळं आटोपून दोन दिवस झाले होते.

२०२३ च्या सुट्टीत आम्ही दाढीला बसलो होतो, पोरगा बाकावर पेपर चाळत होता. तात्या गळ्यावर वस्तरा फिरवता फिरवता म्हणाले, "अण्णांच्या शेवटाला तुम्ही जवळ होतात, एवढं मात्र बरं झालं हो." त्यांना तसं वाटत होतं. आणि आम्ही म्हणालो, "हो, होतो." गळ्यावर वस्तरा असताना लांबलचक खुलासा कोण करतो, असं नंतर आम्ही स्वतःला समजावलं. पोराने तेव्हा पेपरातून डोकं वर काढलं नव्हतं. आम्हाला वाटलं, त्याने ऐकलंच नाही.

पुढचे काही दिवस घरात नेमकंच बोलणं झालं. मग एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही दोघं किल्ल्यावर गेलो. आमच्या घरापासून गाडीने फार लांब नाही. नवीन आलेल्यांसाठी सांगतो, ज्याला आपण पोर्तुगीज किल्ला म्हणतो तो एका टेकाडावर उभा आहे, आणि ते टेकाड नैसर्गिक नाही. इसवी सनापूर्वी सुमारे २३०० पासून इसवी सनाच्या सोळाव्या शतकापर्यंत तिथे माणसं राहत आली. एक वस्ती पडली की तिच्यावरच दुसरी बांधली. असं करत बारा मीटर उंची झाली. १९५४ पासून डॅनिश मंडळींनी ते खणायला घेतलं तेव्हा खालचे थर दिसू लागले. २००५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. खालचा थर आवडला नाही म्हणून कोणी उपसून फेकला नव्हता. त्याच्यावरच पाया घातला.

तिथे भिंतीपाशी बसून आम्ही पोराला २०१९ चं सगळं सांगितलं. शटडाऊन, फोन, न मागितलेली रजा. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मला माहीत होतं. आई बोलली होती." मग म्हणाला, "तुम्ही सांगाल असं वाटलं नव्हतं." आणि खजुराच्या बागांकडे बघत बसला.

त्या रात्री उशिरा त्याच्या खोलीत दिवा दिसला. खुर्चीच्या प्रसंगाच्या आधीचा एक सेव्ह त्याने ठेवला होता. तिथे परत गेला होता. मधल्या दिवसांत पुढे खेळलेले पंधरा-सोळा तास त्याने सोडून दिले. सेनापतीने पुन्हा विचारलं, लेथोचं काय झालं? या वेळी त्याने उत्तर दिलं, मारलं.

"मदतीला येणारा माणूस गेला की रे," आम्ही म्हणालो.

"गेला. पण मीच मारला होता ना," तो म्हणाला, आणि दाढी पुढे चालू झाली.

ऑगस्टमध्ये त्याला पुण्याला पोचवायला आम्ही दोघं जाणार आहोत. सामानाची रोज वजनं होतात. तीस किलोत काय बसवायचं यावर सौ.चं आणि त्याचं एकमत होत नाही. त्याच्या सेव्हच्या दोन प्रती मात्र झाल्या आहेत, एक त्याच्या पेनड्राइव्हवर, एक आमच्या कपाटात, पोळपाटाशेजारी. पुण्याहून वाई जवळच आहे, तेव्हा एक चक्कर होईलच. आमची दाढीही वाढलेली असेल. तात्या विचारोत वा न विचारोत, या वेळी वस्तरा खाली ठेवायला सांगून आम्ही बोलणार आहोत. निदान ठरवलं तरी आहे.

काय झालं ते पुढच्या अंकात. तोवर घरच्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी पोरांना उठवत चला.