अंगठा गेला, सही आली, पुढे काय?



बचत गटाची बैठक संपत आली की रजिस्टर सह्यांसाठी फिरू लागतं. जळगाव जामोदच्या कुठल्याही वस्तीत, सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्याही गावात हे दृश्य दिसतं. पन्नाशीची बाई पेन घट्ट धरते आणि आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर चितारत लिहिते. बाकीच्या कौतुकाने बघतात. अंगठा गेला आणि सही आली ही साधी गोष्ट नाही, त्यामागे आपल्यापैकी अनेकींची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण ज्या मजकुराखाली सही झाली त्यात काय लिहिलंय असं विचारलं, तर तीच बाई हसून म्हणते, "ते सचिव बाईले माहीत."

या हसण्याबद्दल आज बोलायचं आहे. कारण न वाचता केलेली सही ही कधी कधी अंगठ्यापेक्षा धोक्याची असते. अंगठा घेताना कागद वाचून दाखवल्याची नोंद करण्याची, साक्षीदार ठेवण्याची पद्धत आहे. सही करणारी बाई मात्र वाचूनच सही करते असं धरलं जातं. वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली आला. तरीही भाऊ राखीला बोलावतो, साडी देतो आणि हक्कसोडपत्र पुढे करतो. छोट्या कर्जाच्या कंपनीचा माणूस दारात येऊन पाच ठिकाणी सह्या घेतो. एका बाईच्या कर्जाला इतर चौघी जबाबदार आहेत हे त्या चौघींना हप्ता थकल्यावर कळतं. सही शिकवून आपण थांबलो, तर बाईला कागदाच्या दारापर्यंत नेऊन बाहेरच उभी केली असा त्याचा अर्थ होतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सुमारे ८८ टक्के पुरुष साक्षर होते आणि सुमारे ७६ टक्के स्त्रिया. म्हणजे दर चार बायकांमागे एक निरक्षर. आणि हा आकडा सात वर्षांवरच्या सगळ्यांचा आहे. त्यात आजच्या शाळकरी मुलीही आल्या. चाळिशी-पन्नाशीच्या बायका वेगळ्या मोजल्या तर चित्र याहून वाईट दिसेल, हे सांगायला वेगळा अभ्यास नको.

या बायकांना वर्गाला या म्हटलं की पहिलं उत्तर येतं, "आता या वयात काय शिकतं माय!" हे उत्तर तिचं नाही, तिला पढवलेलं आहे. तिची शाळा कशी सुटली ते आठवून बघा. चौथीत असताना धाकटा भाऊ कडेवर आला. पाचवीत कापसाच्या वेचणीला हात कमी पडले. सातवीची शाळा दुसऱ्या गावाला, आणि मुलगी मोठी झालेली. मग लग्न. तिचं शिकायचं वय तिने दवडलं नाही, ते तिच्याकडून काढून घेतलं गेलं. घराने घेतलं, शेताने घेतलं, गावात शाळा न देणाऱ्या सरकारनेही घेतलं. म्हणून प्रौढ शिक्षण हा कुणी केलेला उपकार नाही. ही थकलेल्या देण्याची वसुली आहे.

आणि 'या वयात' शिकणाऱ्या बायकांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढलं तेव्हा तिथे आलेली गोदूबाई ही तरुण विधवा होती. पुढे त्याच आनंदीबाई उर्फ बाया कर्वे झाल्या. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले विधवा झाल्यावर, पदरी मूल असताना शिकल्या, हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव फिरल्या आणि १९१८ साली, वयाची पन्नाशी जवळ आली असताना, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केलं. आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे शाळेत न जाता घरी वडिलांकडून शिकल्या आणि १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. अक्षर हाती आल्यावर बाई काय करते, त्याचा हा जिल्ह्यातलाच दाखला.

सरकारी मोहिमांचा इतिहास मात्र उत्साहाने सुरू होऊन मध्येच संपण्याचा आहे. १९७८ साली राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ साली साक्षरता मिशन, २००९ साली खास स्त्रियांवर भर देणारा साक्षर भारत. २०१८ साली तोही बंद झाला आणि महिना २००० रुपये मानधनावर राबणारे प्रेरक घरी बसले. आता 'उल्लास' नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. निरक्षरांच्या सर्वेक्षणाचं काम अंगावर टाकल्याबद्दल २०२३ साली राज्यातल्या शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कार घातला होता. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात त्याची पहिली परीक्षा झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. ३३ टक्के मिळाले की बाई साक्षर. प्रमाणपत्र मिळणं चांगलंच, पण त्या प्रमाणपत्राने सातबारा वाचता येतो का, एवढंच आपण विचारायचं आहे.

मोहीम बायकांच्या हाती गेली की काय होतं हेही आपण पाहिलं आहे. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गात दारूवरचा धडा होता. तो वाचता वाचता बायका उठल्या आणि १९९२ साली त्यांनी अरकविरोधी आंदोलन राज्यभर पेटवलं. पुढच्या वर्षी सरकारला अरकावर बंदी घालावी लागली. तामिळनाडूत पुदुकोट्टईला अक्षराबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली आणि हजारो बायका रस्त्यावर आल्या. आपल्या राज्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या, पाटी घेतलेल्या आज्यांचे फोटो जगभर गेले. त्या आज्यांचा आनंद खरा आहे आणि त्याचा आपल्यालाही आनंद आहे. पण आजीला दुपारी दोन तास मिळू शकतात, तिच्या सुनेला मिळत नाहीत. पस्तिशीची ती सून कुठल्याच फोटोत नसते. ती शेतात असते.

म्हणून आपल्या तालुक्यापुरता विचार करू. जूनमध्ये पेरणी, मग निंदण, ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, तासभर लवकर घरी येणं म्हणजे पैसे बुडणं. मग हरभऱ्याची सोंगणी, मग लग्नसराई, आणि खारपाणपट्ट्यातल्या गावांत उन्हाळाभर गोड्या पाण्याची वणवण. या वेळापत्रकात वर्ग कधी घ्यायचा हे अधिकाऱ्याने ठरवून चालणार नाही, बायकांनीच ठरवायचं. आणि रात्रीचा वर्ग ठेवला तर तेवढा वेळ चूल आणि लेकरं कोण बघणार, हा प्रश्न बैठकीत नवऱ्यांसमोर विचारायचा. वर्ग बंद पडतात ते बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या तालुक्यात कोरकू बोलणाऱ्या बायका आहेत. निहाली बोलणाऱ्या आहेत. निहाली ही जगातल्या कुठल्याच भाषाकुळात न बसणारी भाषा, आणि तिचा मुलूख म्हणजे आपलं जामोद आणि आसपासचा डोंगर. बोलणारे जेमतेम काही हजार उरले आहेत. त्या बाईपुढे पुस्तकी मराठी ठेवून 'हिला येत नाही' म्हणणं हा अन्याय आहे. शब्द तिचे घेऊ, लिपी आपली देऊ. त्या बोलीतले शब्द तिच्याकडून शिकायची तयारीही ठेवू.

तिसरी गोष्ट अगदी साधी, चाळिशीच्या चष्म्याची. अक्षर कळत नाही असं समजून वर्ग सोडणाऱ्या कितीतरी बायकांना मुळात अक्षर दिसतच नसतं. पाटी वाटण्याआधी डोळे तपासून घ्या.

चौथी गोष्ट, सुरुवात तिच्या कागदापासून करा. 'कमळ' आणि 'बदक' बाजूला ठेवा. वेचणाऱ्या बाईला मण-किलोचा तोंडी हिशेब आपल्याहून चांगला येतो. तिने आधी काट्यावरचा आकडा वाचावा, मग मजुरीची वही, रेशनकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा. ज्या दिवशी ती काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचेल त्या दिवशी मापात मारणं बंद होईल.

अर्धवट शाळा सुटलेल्या बायकांची गोष्ट थोडी वेगळी. पाचवी झालेली बाई १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसू शकते. त्याहून कमी शिकलेलीसाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवीच्या परीक्षा आहेत. अडतं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. दाखला माहेरच्या गावी, त्यावर माहेरचं नाव. आधार कार्डावर सासरचं. नाव बदलायला लावणारी रीत आणि नाव जुळत नाही म्हणून अडवणारं कार्यालय, दोन्हींचा भुर्दंड बाईलाच. २०१७ साली थेट सरपंच निवडीचा नियम आला तेव्हा १९९५ आणि त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासची अट लागली. म्हणजे आज तिशीतली जी मुलगी भावंडं सांभाळायला चौथीतून काढली गेली, तिला सरपंचपदाची वाटही बंद. आधी शाळा नाकारायची आणि मग शाळा नाही म्हणून खुर्ची नाकारायची! या अटीविरुद्ध बोलत राहू, पण तोवर दाखले गोळा करायला बसून राहू नये.

प्रत्येक गटाने या तिमाहीत एवढं करावं. पुढच्या बैठकीत सह्या घेण्याआधी ठराव मोठ्याने वाचावा, आणि दर वेळी नव्या बाईने वाचावा. अडखळली तरी चालेल, थांबायला आपल्याला वेळ आहे. गावात शाळा सुटलेल्या बायकांची यादी करावी, दाखल्यासाठी माहेरी जायचं असेल तर सोबत एकीने जावं. आणि न वाचलेल्या कागदावर कुणीही, भावासाठीसुद्धा, सही करू नये.

काय घडलं ते आम्हाला लिहून कळवा. पत्र ज्या बाईचं आहे तिनेच लिहावं. अक्षर वेडंवाकडं असलं तरी चालेल, आम्ही ते तसंच छापू.

– संपादक मंडळ