सेल्फ 'टक्' वाजला की लगेच स्टार्टर बदलायचा?



31 जुलैला बंदी संपते, होड्या पाण्यात उतरतात आणि पहिल्याच आठवड्यात किनाऱ्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते. "चावी फिरवतो, पण नुसतं टक् वाजतं." कोणी म्हणतो बॅटरी गेली, कोणी म्हणतो स्टार्टर गेला. संध्याकाळपर्यंत दोन्ही नवीन येतात आणि हंगामाची पहिली कमाई तिथेच जाते. यंदाही तेच चाललंय, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका. न मोजता पार्ट बदलायची पद्धत बंद झाली पाहिजे. आणि ती मेकॅनिकच्या आधी आपण, मालकांनी, सोडली पाहिजे.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. पैसे घालवून शिकलोय.

दोन हंगामांमागे शापोऱ्याच्या मुखाबाहेर आम्ही बांगड्याची जाळी ओढत होतो. जाळी ओढताना मोटर बंद ठेवली होती. जाळी होडीत आली, चावी फिरवली, तर टक्. परत फिरवली, परत टक्. पश्चिमेचा वारा होता. मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा कशा फुटतात ते शापोऱ्याच्या माणसाला सांगायला नको, आणि होडी हळूहळू तिकडेच सरकत होती. भाचा म्हणाला, "मामा, दोरी कुठे आहे?" दोरी होती, पण घरी, पडवीत. मोटर घेतली तेव्हा पिशवीत आली होती, ती तशीच खुंटीला. शेवटी जाळ्याच्या दोरीचा तुकडा कापला, गाठ मारली, कव्हर काढलं, फ्लायव्हीलला गुंडाळून ओढलं. चौथ्या झटक्याला मोटर चालू झाली. आम्ही दोघं घरी येईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. पाच मिनिटांत निकाल दिला, स्टार्टर गेला. 16 हजार मोजले. नवीन स्टार्टर बसला, सेल्फ झकास लागला. तिसऱ्या दिवशी पुन्हा टक्.

वाड्यावर एक म्हातारे गृहस्थ आहेत, आयुष्यभर जहाजावर इलेक्ट्रिकचं काम केलेले. त्यांना बोलावलं. त्यांनी मीटर लावला, मला चावी फिरवायला सांगितली आणि दोन मिनिटांत बोट ठेवलं ते निगेटिव्ह केबलवर. बॅटरीकडून येऊन मोटरच्या अंगाला जिथे बोल्टने बसते तिथे लगच्या आत तांब्याचा हिरवा-पांढरा चुरा झाला होता. वरून केबल धडधाकट दिसत होती. मग नवीन स्टार्टरने दोन दिवस चाललं कसं? स्टार्टर बदलताना मेकॅनिकने बोल्ट काढले, घासले, घट्ट केले, म्हणून. पार्टने नव्हे, घासल्याने चाललं होतं. केबल काहीशे रुपयांत झाली. जुना स्टार्टर बाकावर बॅटरी लावून पाहिला तर मस्त फिरतोय. आजही माझ्याकडे आहे.

आता यातलं गणित समजून घ्या, कारण पैसे वाचतात ते इथेच. चावी फिरवल्यावर आधी सोलेनॉइड ओढला जातो. त्याला थोडासाच करंट लागतो, तेवढा खराब वायरीतूनही जातो आणि टक् वाजतं. स्टार्टरला मात्र शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागतो. वाटेत कुठे एका ओहमचा पन्नासावा भाग जरी अडथळा असला, तरी शंभर अँपिअरला 2 व्होल्ट तिथेच खलास होतात. मीटरचा 'बीप' मात्र वायरीची एकच तार शिल्लक असली तरी वाजतो. म्हणून "बीप वाजला म्हणजे वायर ठीक" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वायर मोजायची ती सेल्फ मारत असतानाच.

कसं ते सांगतो. आधी न्यूट्रल बघा, किल स्विचचा लाल दोरा काढून ठेवा म्हणजे मोटर चालू होणार नाही, आणि पंख्याजवळ कोणी उभं नको. मीटर डीसी व्होल्टवर. पहिल्यांदा बॅटरी, ती रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजा. 12.6 च्या आसपास असेल तर भरलेली. 12 वर आली असेल तर चार्ज करा आणि मग पुढचं बोला. आता एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर मीटर धरायचा, लगवर नाही. साडेनऊच्या खाली घसरली तर बॅटरीच संशयित. वर टिकली आणि तरी स्टार्टर फिरत नसेल, तर मीटरची एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी मोटरच्या उघड्या धातूवर, आणि परत सेल्फ. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष त्याच वाटेवर आहे. तसंच पॉझिटिव्हचं, खुंटीपासून स्टार्टरच्या बोल्टपर्यंत. दोन्ही वाटा स्वच्छ आणि बॅटरी दमदार असूनही स्टार्टर हलत नसेल, तर मग खुशाल स्टार्टर काढा, मी अडवणार नाही. दर वेळी सेल्फ दहा सेकंदांच्या आत आवरायचा आणि मध्ये थंड होऊ द्यायचं. अर्धा मिनिट दाबून धरलं तर चांगला स्टार्टरही जळतो.

टक्-बिक् काहीच वाजत नसेल तर गोष्ट वेगळी. गिअर हलवून परत न्यूट्रलला आणा, न्यूट्रलचा स्विच बऱ्याचदा तिथेच अडकलेला असतो. मग फ्यूज. स्टार्टर घुंइं करून रिकामाच फिरत असेल तर त्याची छोटी गिअर खाऱ्या पाण्याने आणि जुन्या ग्रीसने चिकटली आहे. आणि मोटर छान फिरतेय पण पेटत नाही, तर त्याला सेल्फचा दोष म्हणू नका, आधी लाल दोरा लावलाय का बघा. हसू नका, मी स्वतः अर्धा तास घालवलाय.

आपल्याकडे आणखी एक प्रकार चालतो. बॅटरी भिजू नये म्हणून ती पुढे नाळेकडे ठेवतात आणि घरातल्या पंपाची उरलेली वायर जोडून लांबी वाढवतात. केबल जितकी लांब तितकी जाड हवी, आणि मध्ये जोड नको. दुसरा प्रकार याहून वाईट. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा टाकून ठिणगी पाडायची. कव्हरखाली पेट्रोलची वाफ असते, आणि असं केल्यावर न्यूट्रलचं संरक्षणही उरत नाही. तिसरा, शेजारच्या ट्रॉलरवरून करंट घेणं. बऱ्याच ट्रॉलरवर दोन बॅटऱ्या मिळून 24 व्होल्ट असतात. आपली मोटर 12 ची. रेक्टिफायर जळाला की त्याचा भाव ऐकून स्टार्टर स्वस्त वाटेल.

मेकॅनिकला शिव्या घालायला हे लिहीत नाही. बिचाऱ्याला एका सकाळी सहा फोन असतात आणि प्रत्येक जण सांगतो, "भाई, लवकर कर, उद्या जायचंय." मोजायला वीस मिनिटं लागतात, त्याचे पैसे आपण देत नाही. पार्ट बदलल्याचे देतो. मग तो पार्टच बदलणार. मोजायचे दोनशे-तीनशे वेगळे द्यायला लागलो तर तोही मीटर काढेल. आणि बदललेला जुना पार्ट आपल्या हातात परत मागायचा, त्यात लाजायचं काय?

काही जण म्हणतात, हे सगळं नको, सेल्फच नको, दोरीचीच मोटर बरी. 9.9 च्या मोटरला ठीक आहे. पण साठी गाठलेल्या माणसाने भरल्या होडीत 40 हॉर्सपॉवरची मोटर रोज हाताने ओढायची का? सेल्फ असावाच. पण दोरीही होडीत असावी, कोरड्या पिशवीत, आणि बंदीच्या दिवसांत एकदा तरी प्रत्येक खलाशाने कव्हर काढून ती ओढून बघितलेली असावी. फ्लायव्हीलला दोरी लावली की न्यूट्रलचं कुलूप काम करत नाही, म्हणून गिअर डोळ्यांनी बघायचा, आणि दोरी मनगटाला कधीच गुंडाळायची नाही. डॉल्फिन दाखवायला माणसं नेणाऱ्यांनी तर हे आजच करावं. ज्यांच्या मोटरी इतक्या मोठ्या आहेत की दोरी चालत नाही, त्यांनी दुसरी चार्ज केलेली बॅटरी ठेवावी.

संस्थेकडे माझी मागणी साधी आहे. दोन मल्टिमीटर घ्या, कार्यालयात ठेवा, वहीत सही करून सभासदाने न्यावा आणि संध्याकाळी परत द्यावा. जूनमध्ये बॅटरी होडीवरून उतरवून घरी आणायची आणि महिन्याला एकदा चार्ज करायची, हे वायरलेस आणि लाईफ जॅकेटच्या सूचनेबरोबर सगळ्यांना कळवा. दोन महिने रिकामी पडलेली बॅटरी आतून मरते, मग ऑगस्टमध्ये दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. आणि जुलैच्या शेवटच्या रविवारी शेडमध्ये सगळ्यांनी बॅटऱ्या आणि केबल घेऊन यावं. ते जहाजावरचे म्हातारे यायला तयार आहेत, मी विचारलंय. चहाचा खर्च माझा. जुना स्टार्टरही घेऊन येतो, ज्याला लागेल त्याने न्यावा.