भुतांच्या हवेलीत भय का नाही?

भुताची गोष्ट नको म्हणणारा विद्यार्थी आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. दिवे मालवून गोष्ट ऐकावयाची, अंगावर शहारे आणावयाचे आणि मग पांघरुणातून पाय बाहेर काढण्याचे धैर्य होऊ नये, यातील सुख प्रत्येक पिढीने भोगले आहे. ही आवड निंद्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमची तक्रार निराळी आहे. या आवडीच्या जोरावर जे चित्रपट आपणांपुढे येतात त्यांतील बहुतेक आपणांस भयसुद्धा धड देत नाहीत. आणि जे देतात ते चुकीच्या वस्तूचे देतात. ही तक्रार एका उदाहरणाने स्पष्ट करावी, म्हणून हा लेख.

हिंदी भयपटांत रामसे बंधूंचे नाव सर्वतोमुखी आहे. त्यांचे वडील फत्तेचंद रामसे हे मूळचे कराचीचे. फाळणीनंतर ते मुंबईस आले. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट पडला. परंतु त्यातील एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढा भाग पाहावयास लोक पुन्हा पुन्हा येतात हे मुलांच्या ध्यानी आले. त्यातून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ हा चित्रपट निघाला. घरचीच माणसे, कोणी कॅमेरा सांभाळतो, कोणी ध्वनी, कोणी संकलन, कोणी दिग्दर्शन. आणि मुक्काम महाबळेश्वरास. अल्प भांडवलात, एका कुटुंबाने काटकसरीने व एकजुटीने हा उद्योग उभा केला, याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’ने तर त्यांना अमाप यश दिले.

पण १९८९ साली श्याम व तुलसी रामसे यांनी ‘पुरानी हवेली’ हा चित्रपट काढला, तो पाहून मन खट्टू होते. मुळात कथा वाईट नव्हती. एक श्रीमंत तरुण मुलगी आहे. तिचा सांभाळ काका-काकूंकडे आहे, आणि त्यांचा डोळा तिच्या संपत्तीवर आहे. एक जुनी, ओसाड हवेली विकत घेतली जाते. तरुण मंडळी मौजेखातर तेथे जाऊन पोहोचतात, आणि हवेलीत दडलेला राक्षस एकेकाला गाठू लागतो. वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा, की यात खरोखर भयंकर असे काय आहे? ज्यांच्या हातचे अन्न खावयाचे त्यांच्याच मनात आपल्या मरणाचे वा नाशाचे गणित चालले आहे, याहून भयंकर ते काय? काकूने दुधाचा पेला पुढे करावा आणि प्रेक्षकाच्या हृदयाचा ठोका चुकावा, एवढे सामर्थ्य या कल्पनेत होते. चित्रपटकर्त्यांनी मात्र ती बाजूस सारली आणि केसाळ मुखवट्यावर सारी भिस्त ठेवली. मुखवटा पहिल्या वेळी दचकवतो, दुसऱ्या वेळी ओळखीचा होतो, तिसऱ्या वेळी हसू येते. मध्येच सतीश शहा यांचा विनोद, मध्येच गाणे, पुन्हा किंकाळी. भय हे दुधाच्या विरजणासारखे आहे. ते लागण्यास वेळ द्यावा लागतो, आणि भांडे सारखे हलवीत राहिल्यास ते कधीच लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, “पैसाच नव्हता, तर ते बिचारे काय करणार?” ही सबब नाशिककरांनी तरी मान्य करू नये. आपल्या जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके यांच्यापाशी पैसा कोठे होता? ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून त्यांच्या मनात स्वदेशी चित्रपटाची कल्पना आली. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्यावर रोखून दिवसांमागून दिवस त्याची चित्रे टिपली. बीजाला अंकुर फुटून त्याचा वेल होतो, हा कित्येक दिवसांचा चमत्कार पडद्यावर क्षणांत घडताना पाहून लोक थक्क झाले. पुढे त्यांनी आयुर्विम्याचा कागद गहाण टाकला. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि रात्री जागून फिल्म धुण्याचे कामही केले. तेव्हा १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्याच वर्षी ते नाशिकास आले आणि येथेच १९४४ साली त्यांचा अंत झाला. वाटाण्याच्या एका दाण्यातून ज्यांनी अद्भुत निर्माण केले त्यांच्या गावात आपण राहतो. द्रव्याच्या अभावी कल्पना मरते, हे आपण कसे मानावे?

परदेशातील साक्षही हीच आहे. अमेरिकेत व्हॅल ल्यूटन नावाच्या निर्मात्यास चित्रसंस्थेने थोडकी रक्कम आणि भडक नावे देऊन भयपट काढावयास बसविले. १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या चित्रपटात त्याने काय केले? एक स्त्री रात्री निर्जन रस्त्याने चालली आहे. मागून कोणाची तरी पावले ऐकू येतात. मग तीही थांबतात. काही तरी झेप घेणार असे वाटते, तोच कर्कश फूत्कार होतो आणि पाहावे तो बस येऊन थांबलेली! पडद्यावर ना रक्त ना नखे, आणि प्रेक्षक मात्र खुर्चीत उडालेले. याच ल्यूटनच्या हाताखाली दिग्दर्शनाची सुरुवात केलेल्या रॉबर्ट वाइज यांनी १९६३ साली ‘द हाँटिंग’ हा भुताच्या घराचाच चित्रपट काढला. त्यात भूत एकदाही दिसत नाही. बंद दार बाहेरून कोणी रेटावे तसे फुगते, एवढेच. आपल्याकडे कमाल अमरोही यांच्या १९४९ सालच्या ‘महल’मध्येही राक्षस नाही, आहे तो ओसाड महाल, झुलणारा झोपाळा, एक स्वर आणि अशोककुमारांच्या चेहऱ्यावरील बेचैनी. न दाखविण्यास पैसा लागत नाही, संयम लागतो.

तरीही संयम ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी आपल्या आजीला चित्रपटकर्त्यांपेक्षा चांगली ठाऊक होती. मराठी लोककथेतील भुतांकडे पाहा. मुंज झाली आणि लग्नापूर्वीच मेला, तो मुंजा पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. धनाची हाव न सुटलेला समंध पुरलेल्या हंड्यावर राखण करतो. यांतील एकही भूत निष्कारण नाही. प्रत्येकामागे एक अपुरे आयुष्य, एक अन्याय किंवा एक पाप आहे. भुते आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु ज्यांनी ती कल्पिली त्यांना हे कळले होते, की बाळंतिणीची हेळसांड झाली तर घराला स्वस्थ झोप लागू नये. पुष्कळशा स्वस्त चित्रपटांतील राक्षसाला मात्र असा भूतकाळ नसतो. असलाच तर तो पाच मिनिटांत उरकतात. त्याला कोणी दुखविलेले नाही, म्हणून त्याच्याविषयी आपणांस काही वाटत नाही. आणि ज्याच्याविषयी काही वाटत नाही त्याचे खरे भयही वाटत नाही.

याउलट २०१७ सालचा विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट पाहा. येथेही खर्च मोठा नाही, पात्रे मोजकी, आणि घर तेवढे एकच, उसाच्या फडांनी वेढलेले. सावकारांचा तगादा चुकविण्यासाठी नवरा आपल्या गरोदर बायकोला तेथे आणतो. घरची तुळसाबाई तिचे डोहाळे पुरविते, तिला प्रेमाने जेवू घालते. उषा नाईक यांनी रंगविलेली ही बाई हसून बोलू लागली की आपल्या पोटात गोळा येतो, कारण तिचे प्रेम पोटातल्या बाळावर आहे की बाळ मुलगाच असावा या हट्टावर, हे कळेनासे होते. शेवट सांगून आम्ही कोणाचा रसभंग करीत नाही. परंतु ज्या महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती ती २०११ च्या शिरगणतीत ८९४ वर आली, आणि तीही १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा झालेला असताना, त्या महाराष्ट्राला या गोष्टीतील विहीर आणि ऊस परका नाही. प्रेक्षक घरी येतो तो भुताला भिऊन नव्हे. माणसे काय करू शकतात या जाणिवेने अंतर्मुख होऊन येतो. हेच उत्तम भयकथेचे काम आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय शाळेच्या अंकात यावा असे आम्हांस वाटले, ती सांगतो. रामसे पठडीच्या चित्रपटांत शेवटी कोणी तरी क्रूस, त्रिशूळ किंवा अन्य पवित्र चिन्ह पुढे करतो आणि राक्षस होरपळून मरतो. ख्रिस्ती माणसास क्रूस पडद्यावर दिसला म्हणून आनंद व्हावा, असे यात काही नाही. क्रूस हा ताईत नव्हे. ज्याने दुसऱ्यांसाठी दुःख सोसले त्याची ती खूण आहे. ती उगारून कोणाला जाळावयाचे नसते. त्रिशुळाविषयी आमच्या हिंदू मित्रांसही असेच वाटत असेल. त्याचप्रमाणे दफनभूमी दिसली की तेथून हात बाहेर यावयाचा, हा या चित्रपटांचा दंडक होऊन बसला आहे. आमचे आईबाप ज्या मातीत विसावले, जेथे आम्ही सणावाराला फुले वाहतो, ती जागा आमच्या मुलांना भयाची वाटू लागावी, हे बरे नव्हे.

आणि पडद्यावरचे भूत पडद्यावरच राहते तर फारसे बिघडले नसते. घरातील सून गप्प गप्प राहू लागली, रात्री ओरडू लागली, तर तिला डॉक्टरकडे न्यावयाचे की मांत्रिकाकडे, हा प्रश्न आजही कित्येक घरांत पडतो. आणि त्या वेळी मनात जी चित्रे उभी राहतात ती अशाच चित्रपटांनी रंगविलेली असतात. विस्कटलेले केस, बदललेला आवाज, आणि मग तिला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे! डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या अमानुष प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झीज सोसली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तो कायदा संमत केला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने कोणास मारहाण करणाऱ्यास आता सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा हात आवरू शकतो; मनातील चित्र पुसणे हे घराचे व शाळेचे काम आहे.

मग मुलांनी असे चित्रपट पाहूच नयेत काय? आमचे मत तसे नाही. मनाई केलेली वस्तू मुले पांघरुणात मोबाईल धरून पाहतील, आणि एकट्याने पाहिलेले भय दुप्पट होते. पालकांस आमची विनंती अशी, की मूल समजत्या वयाचे झाले असल्यास त्याच्याबरोबर बसून एखादा भयपट पाहावा आणि नंतर त्याला तीन प्रश्न विचारावेत. या गोष्टीतील भूत कोण होते, आणि त्याचे कोणी काय बिघडविले होते? आपणांस भय भुताचे वाटले की जिवंत माणसांचे? शेवटी न्याय झाला, की नुसता जाळ झाला? ज्या चित्रपटाला ही उत्तरे नाहीत तो मुलाच्या मनातून आपोआप उतरेल. दटावण्याची गरज पडणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी निराळे काम आहे. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पडके वाडे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील काहींना तुम्ही भूतवाडा म्हणता. अशा वाड्यात शिरू नका. पावसाळ्यात त्यांच्या भिंती ढासळतात, आणि ते संकट कोणत्याही भुताहून खरे आहे. त्याऐवजी शेजारच्या आजोबा-आजींना विचारा, की येथे कोण राहत होते आणि ते का गेले. कोठे भावाभावांचा वाद वर्षानुवर्षे कोर्टात लोंबकळला असेल, कोठे मुले नोकरीसाठी परगावी गेली असतील आणि म्हातारी एकटी दिवा लावीत राहिली असेल. ती हकीकत सरळ शब्दांत लिहून आणा. चांगले लेख पुढील वर्षीच्या अंकात घेण्याविषयी आम्ही संपादकांस आग्रह करू. आणि तुमच्यापैकी कोणी पुढे चित्रपट काढलाच, तर त्यातल्या घरात निदान कोणी तरी खरोखर राहून गेलेले असेल.